मीठ, हृदय आणि वंश

हृदय हा शब्द मराठी कवितेने जितका झिजवला तितका शरीरशास्त्रानेही झिजवला नसेल. पण शरीरशास्त्राच्या लेखी मात्र, विल्यम हार्वी यांच्या १६२८ सालच्या ग्रंथापासून पुढची साडेतीनशे वर्षे, हृदय म्हणजे केवळ एक पंप होता. या पंपाला स्वतःचे काही सांगायचे असेल अशी शंका प्रथम १९५६ साली आली. त्या वर्षी ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, बारीक कण दिसले. असे कण एरवी संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींत आढळतात. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले की कुत्र्याच्या डाव्या अलिंदात लहानसा फुगा फुगवून ते ताणले की लघवीचे प्रमाण वाढते. या दोन निरीक्षणांची गाठ पडायला पंचवीस वर्षे लागली. १९८१ साली कॅनडातील किंग्स्टन येथे आदोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांच्या लघवीतून जाणारे सोडियम तीस पटींहून अधिक वाढले. हृदय ही एक ग्रंथीही आहे, आणि तिचा विषय मीठ हा आहे, हे त्या दिवसापासून मान्य करावे लागले.

या संप्रेरकांना नॅट्रियुरेटिक पेप्टाइड म्हणतात. नाट्रियम हे सोडियमचे लॅटिन नाव; तेव्हा शब्दाचा अर्थ 'मूत्रावाटे सोडियम घालवणारे' असा होतो. रक्ताचे आकारमान वाढून हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की हृदय हा निरोप मूत्रपिंडाकडे पाठवते. मूत्रपिंड मीठ आणि पाणी बाहेर टाकते, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि हृदयावरचा भार हलका होतो. १९८८ साली जपानी संशोधकांना याच कुळातील दुसरे पेप्टाइड सापडले. ते डुकराच्या मेंदूत सापडले म्हणून त्याचे नाव 'मेंदूतील नॅट्रियुरेटिक पेप्टाइड' असे ठेवले गेले. पुढे लक्षात आले की ते प्रामुख्याने हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, निलयांत, तयार होते. नाव मात्र बदलले नाही. जगभरच्या रुग्णालयांत आज ज्याला बीएनपी म्हणतात त्यातला 'बी' हा मेंदूचा आहे. वस्तू जेथे प्रथम दिसली त्या जागेचे नाव तिला द्यायचे आणि पुढे ती जागा चुकीची ठरली तरी नाव चालू ठेवायचे, ही ज्ञानव्यवहारातली नेहमीची गोष्ट आहे. प्रस्तुत लेखाचा विषय यापेक्षा फारसा वेगळा नाही, म्हणून वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

२००० सालापासून अमेरिकेत बीएनपीची रक्तचाचणी वापरात आली. दम लागलेला माणूस रुग्णालयात येतो तेव्हा तो दम फुप्फुसाचा की हृदयाचा, हे ठरवणे डॉक्टरला नेहमी सोपे नसते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १५८६ रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की एक मिलिलिटर रक्तात १०० पिकोग्रॅम हा उंबरठा धरला तर हार्ट फेल्युअरचे निदान पुष्कळ विश्वासाने करता येते. आकडा उंबरठ्याच्या वर असेल तर हृदय संकटात आहे, खाली असेल तर दुसरे कारण शोधावे, असा हा साधा हिशोब होता.

पण हा हिशोब सर्वांना सारखा लागू पडतो का? डॅलस शहरातील एका दीर्घ अभ्यासातून २०१५ साली असे पुढे आले की हृदयरोग नसलेल्या लोकांतही कृष्णवर्णीय व्यक्तींच्या रक्तात एनटी-प्रोबीएनपीची, म्हणजे बीएनपीच्याच जोडघटकाची, पातळी श्वेतवर्णीयांपेक्षा कमी असते. २०१८ साली 'रीगार्ड्स' या अभ्यासाने तेच सांगितले. वय, वजन, मूत्रपिंडाचे कार्य इत्यादी घटक जमेस धरल्यावरही ही पातळी २७ टक्क्यांपर्यंत कमी भरली. दुसरीकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत उच्च रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर यांचे प्रमाण अधिक आहे. 'कार्डिया' या अभ्यासात पाच हजारांहून अधिक तरुण-तरुणींचा वीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्या काळात ज्या २७ जणांना हार्ट फेल्युअर झाले त्यांतले २६ जण कृष्णवर्णीय होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक तर्क आपोआप उभा राहतो. मीठ बाहेर टाकणारे संप्रेरक ज्यांच्यात कमी, त्यांच्या शरीरात मीठ अधिक साचते; म्हणून रक्तदाब अधिक, आणि म्हणून हृदयरोगही अधिक. हा तर्क शरीरशास्त्राच्या दृष्टीने पोकळ नाही. प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. संप्रेरक कमी का? या ठिकाणी बहुतेक वेळा एकच शब्द उच्चारला जातो, 'वंश', आणि तो उच्चारला की चौकशी संपल्यासारखी वाटते.

अमेरिकन वैद्यकात या शब्दाचा इतिहास मोठा आहे. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट या दक्षिणेतील डॉक्टरने कृष्णवर्णीयांच्या रोगांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. गुलामांना पळून जाण्याची इच्छा होते हा एक रोगच आहे असे ठरवून त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' हे नाव देणारा हाच तो गृहस्थ. फुप्फुसाची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर त्या काळी नवे होते. ते वापरून कृष्णवर्णीयांची फुप्फुसे २० टक्क्यांनी उणी असल्याचे कार्टराइटने सांगितले, आणि कष्टाचे काम हाच त्यावरचा उपाय असल्याचे सुचवले. ड्रॅपेटोमेनियाला आज आपण हसतो. पण स्पायरोमीटरमधील वंशाचा 'दुरुस्ती गुणांक' एकविसाव्या शतकापर्यंत यंत्रांत शिल्लक होता. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तो सोडून देण्याची शिफारस केली ती २०२३ साली. हास्यास्पद सिद्धान्त लवकर मरतात. आकड्यांत मुरलेले सिद्धान्त टिकून राहतात.

मिठाची कथाही अशीच एका सिद्धान्ताच्या रूपाने आली. १९८० च्या दशकात क्लॅरेन्स ग्रिम आणि थॉमस विल्सन यांनी एक उपपत्ती मांडली. गुलामांच्या जहाजांवर अतिसार, उलट्या आणि घाम यांमुळे शरीरातील मीठ व पाणी संपून हजारो माणसे मेली. ज्यांची शरीरे मीठ धरून ठेवू शकली ती जगली. त्यांच्या वंशजांना तो गुण मिळाला, आणि मुबलक मिठाच्या अमेरिकेत तोच गुण रोग ठरला. ही कथा मनाची पकड घेते, यात शंका नाही. तिच्यात आरंभ, यातना, परीक्षा आणि नियतीचा उपहास असे सगळे काही आहे. शोकात्म नाट्याच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटेल. म्हणूनच ती पाठ्यपुस्तकांत, वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झपाट्याने पसरली.

या कथेला एक चित्रही मिळाले. फ्रान्समध्ये १७६४ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराविषयीच्या शाम्बों यांच्या पुस्तकात एक कोरीव चित्र आहे. त्यात एक इंग्रज व्यापारी विक्रीला काढलेल्या आफ्रिकी माणसाची हनुवटी चाटतो आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी या चित्राचा संबंध मिठाशी जोडला. घामाची चव घेऊन कोण अधिक मीठ धरून ठेवतो हे तो व्यापारी पाहत असावा, असा त्यांचा कयास २००५ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीतून लाखो वाचकांपर्यंत गेला. मूळ चित्राची ओळ मात्र वेगळे सांगते. माणसाचे वय अजमावण्यासाठी आणि तो आजारी नाही ना हे घामाच्या चवीवरून ठरवण्यासाठी तो चाटत आहे, असे तेथे लिहिले आहे. मिठाचा उल्लेख नाही. संहितेत नसलेला अर्थ वाचकाने तिच्यावर लादणे हा दोष साहित्याच्या वर्गात आपण रोज दाखवतो. येथे तोच दोष एका शास्त्रीय कल्पनेला आधार म्हणून उभा राहिला.

या उपपत्तीची इतिहासाच्या अंगाने झडती घेतली ती फिलिप कर्टिन यांनी, १९९२ साली. अटलांटिक गुलामव्यापाराची पद्धतशीर मोजदाद प्रथम त्यांनीच १९६९ च्या ग्रंथात केली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पश्चिम आफ्रिकेत मिठाचे दुर्भिक्ष होते याला पुरावा नाही, आणि जहाजांवरचे मृत्यू मुख्यतः मीठ संपल्यामुळे झाले यालाही नाही. याला आणखी एक साधा मुद्दा जोडता येतो. या व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यांतील चार लाखांहून कमी थेट उत्तर अमेरिकेत उतरली. बहुसंख्य ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेली. प्रवास तोच, यातना त्याच. तेव्हा जहाजाने माणसे निवडली असतील तर कॅरिबियन बेटांवरचा रक्तदाब अमेरिकेइतकाच असायला हवा.

तो तसा नाही. रिचर्ड कूपर, चार्ल्स रोटिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या सात लोकसमूहांची तुलना प्रसिद्ध केली. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. पूर्वज एकाच प्रदेशातले, परंतु वजन, मिठाचे सेवन आणि जगण्याची रीत बदलत गेली तसा आकडा चढत गेला. २००५ साली कूपर यांनी श्वेतवर्णीयांनाही या तुलनेत आणले. गोऱ्या लोकसमूहांत हे प्रमाण २७ ते ५५ टक्के आणि काळ्या लोकसमूहांत १४ ते ४४ टक्के आढळले. सर्वांत वरचा आकडा जर्मनीचा होता आणि सर्वांत खालचा नायजेरियाचा. या आकड्यांनंतर 'काळ्यांना रक्तदाब अधिक' हे वाक्य जसेच्या तसे उभे राहू शकत नाही. अमेरिकेतील काळ्यांना तो अधिक आहे, एवढेच म्हणता येते. आणि मग प्रश्न अमेरिकेविषयी विचारावा लागतो.

याच सुमारास बायडिल या औषधाचे प्रकरण घडत होते. हायड्रॅलझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट या दोन जुन्या, स्वस्त औषधांची ही एकत्र गोळी. १९८० च्या दशकातल्या चाचण्यांत ती सर्व वंशांच्या रुग्णांना दिली गेली होती. १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता नाकारली. मग जुनी आकडेवारी पुन्हा चाळली गेली, कृष्णवर्णीयांना फायदा अधिक झालेला दिसला, आणि तेवढ्या आधारावर २०२० पर्यंत चालणारे नवे पेटंट मिळाले. पुढच्या चाचणीत १०५० रुग्ण होते, सर्व स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे. औषध न मिळालेल्यांपैकी १०.२ टक्के आणि मिळालेल्यांपैकी ६.२ टक्के रुग्ण दगावले. फरक इतका स्पष्ट होता की २००४ साली चाचणी मुदतीआधी थांबवली गेली, आणि २३ जून २००५ रोजी एका विशिष्ट वंशासाठी मान्यता मिळालेले पहिले औषध म्हणून बायडिल बाजारात आले.

या प्रकरणात सोपा न्यायनिवाडा करू नये. कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञांची संघटना या चाचणीची सहप्रायोजक होती. ज्यांच्या दुखण्याकडे वैद्यकाने पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवली त्यांच्यासाठी कोणीतरी स्वतंत्र चाचणी करते आहे, याचे मोल त्या डॉक्टरांना ठाऊक होते. औषधाने माणसे वाचली हेही खरे. पण चाचणीत एकही श्वेतवर्णीय रुग्ण नसताना औषध 'काळ्यांसाठीच' आहे हे कोणत्या तुलनेने सिद्ध झाले? जोनाथन कान यांनी आपल्या २०१२ च्या ग्रंथात या प्रकरणामागचे पेटंटचे राजकारण तपशीलवार उलगडले आहे. २००८ साली कंपनीने औषधाचा प्रसार थांबवला. औषध गुणकारी होते; त्यावरची चिठ्ठी संशयास्पद होती.

आता पुन्हा हृदयाच्या संप्रेरकांकडे येऊ. येथे काही बाजू आनुवंशिकतेचीही आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१५ साली 'एरिक' या अभ्यासात कृष्णवर्णीय सहभागींमध्ये युरोपीय पूर्वजांचा जनुकीय वाटा जितका अधिक तितकी पेप्टाइडची पातळी अधिक आढळली. कोरिन नावाचे एक विकर अलिंदातील पेप्टाइडच्या कच्च्या रूपाला कापून कामाचे रूप देते. त्याच्या जनुकाचा एक कमकुवत प्रकार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत बऱ्यापैकी आढळतो, श्वेतवर्णीयांत क्वचितच. पण या प्रकाराविषयीचे विधान तो ज्यांच्या अंगी आहे त्यांच्याविषयीचे आहे, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांत तो नाही. जनुक शोधता येतो, त्याची चाचणी करता येते, त्यावर उपायही शोधता येतो. 'वंश' या रकान्यातली खूण यांपैकी काहीच सांगत नाही. शिवाय लठ्ठपणानेही या पेप्टाइडची पातळी उतरते, हे फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून २००४ पासून माहीत आहे. 'मेसा' या अभ्यासात हार्ट फेल्युअरचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सर्वाधिक निघाले, परंतु उच्च रक्तदाब आणि मधुमेह हिशोबात धरताच वंशांमधला तो फरक उरला नाही. म्हणजे वंशाच्या रकान्यात दिसणाऱ्या फरकाचा पुष्कळसा भाग आधीच घडून गेलेल्या, टाळता येण्याजोग्या आजारांचा होता.

हा रकाना किती चंचल आहे हे आपल्यालाही जवळून ठाऊक असायला हवे. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत 'हिंदू' हा एक वंश होता. त्यात शीख आणि मुसलमानही मोजले जात. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना सांगितले की ते शास्त्रज्ञांच्या व्याख्येने कॉकेशियन असतील, पण सामान्य माणसाच्या समजुतीने गोरे नाहीत. १९७० च्या जनगणनेत भारतीय प्रायः गोऱ्यांत मोजले गेले, आणि १९८० पासून त्यांच्यासाठी 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. एखाद्या कुटुंबातील आजोबा, मुलगा आणि नात अशा प्रकारे तीन वंशांत विभागले जाऊ शकतात. रक्त मात्र तेच. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई असणे हे हृदयरोगाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत नोंदले आहे. तेव्हा न्यू जर्सीतला मराठी माणूसही आता या रकान्यात बसलेला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बाबतीत वेगळी वाट दाखवली. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र वजनाच्या मानाने पुण्याच्या बालकांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक होते. फरक सापडला, आणि तो दोन लोकसमूहांतलाच होता. पण 'भारतीय वंश' म्हणून चौकशी तेथे थांबली नाही. गरोदर आईचा आहार, तिचे कष्ट, तिच्या शरीरातील जीवनसत्त्वे यांचा शोध सुरू झाला. फरकाला उत्तर न मानता प्रश्न मानले की संशोधन कोठे जाते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

त्याहून जुने उदाहरण आपल्या साहित्याच्याच अंगणातले आहे. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीयांच्या कवटीची असमानता त्यांच्या बुद्धीशी निगडित आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. 'युगान्त'च्या लेखिकेने माणसांकडे जी करडी, निर्भीड नजर लावली ती तेथेही दिसते. मोजमाप करायला त्यांनी नकार दिला नाही; मोजमापाने जे सांगितले नाही ते त्याच्या तोंडी घालायला नकार दिला.

आज प्रश्न आहे तो त्या दम लागलेल्या रुग्णाचा. उंबरठा सर्वांना एकच ठेवला, तर ज्यांची पातळी मुळातच कमी त्यांचे निदान निसटू शकते. उंबरठा वंशानुसार बदलला तर काय होते, हे मूत्रपिंडाच्या बाबतीत दिसले. मूत्रपिंडाचे कार्य मोजणाऱ्या २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर सुमारे १६ टक्क्यांनी वाढवले जाई. त्यामुळे मूत्रपिंड कागदावर चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१ साली वंशाविना नवे सूत्र आले, आणि २०२३ पासून अशा रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या खात्यावर जमा करण्यास सुरुवात झाली. हृदयरोगाचा धोका वर्तवणारे 'प्रिव्हेंट' हे २०२३ चे सूत्रही वंश विचारत नाही. म्हणून फरक मोजूच नये असे मात्र नाही. न मोजलेल्या फरकाखालीही माणसे मरतात. रीगार्ड्सच्या अभ्यासातच असेही दिसले की पातळी वाढली की मृत्यूचा धोका दोन्ही वंशांत वाढतो. हृदयाचा निरोप एकच आहे. तो किती मोठ्याने ऐकू येतो यात फरक आहे, आणि तो का, हे एकेका रुग्णाच्या बाबतीत शोधावे लागेल.

बीएनपी मेंदूत सापडले म्हणून त्याला मेंदूचे नाव मिळाले. त्या चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही. पेप्टाइडमधला फरक वंशाच्या रकान्यात सापडला म्हणून त्याला वंशाचे नाव मिळाले, आणि या नावाच्या मागे जहाजे आहेत, कार्टराइट आहे, प्रत्यारोपणाच्या यादीत मागे राहिलेली माणसे आहेत. मराठीत 'वंश' म्हणजे कूळ, आणि 'वंश' म्हणजे बांबूही. बांबू पेऱ्यापेऱ्याने वाढतो आणि प्रत्येक पेर कोणत्या मातीत, कोणत्या पावसात वाढले याची खूण बाळगतो. वैद्यकाला हा शब्द वापरायचाच असेल तर त्याने तो या अर्थाने वापरावा.